उसाचे चिपाड, कागदाचा लगदा आणि ऊर्जेची काटकसर

(ग्रामसेवक व ऊस-बागायतदार यांच्यासाठी अभ्यासपाठ)

वाई आणि कागद यांचा संबंध जुना आहे. वाईजवळच्या मेणवली गावी नाना फडणिसांच्या वाड्यात पेशवाईतील कागदपत्रांचे मोठे दप्तर होते. वाईच्या प्राज्ञपाठशाळेने ग्रंथनिर्मितीची परंपरा चालविली. मराठी विश्वकोशाचे संपादनही तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली याच गावी झाले, व त्याचा पहिला खंड १९७६ साली प्रसिद्ध झाला. कृष्णाकाठचे हे क्षेत्र अशा रीतीने कागदाचे मोठे गिऱ्हाईक आहे. परंतु ते कागदाच्या कच्च्या मालाचे उत्पादकही आहे, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. धोम धरणाच्या पाण्यावर वाई तालुक्यात उसाची लागवड होते आणि भुईंज येथे किसन वीर सातारा सहकारी साखर कारखाना उभा आहे. उसातील रस काढून घेतल्यावर जे उरते, ज्यास गुऱ्हाळावर चिपाड व कारखान्यात बगॅस म्हणतात, त्यापासून उत्तम कागद तयार करता येतो.

असे असूनही हे चिपाड बहुतांशी जळणातच खर्ची पडते. चिपाडापासून लगदा करावयाचा, तर दोन प्रश्न सोडवावे लागतात. पहिला असा, की चुलवाणात किंवा बॉयलरमध्ये जाळावयाचे चिपाड वाचवायचे कसे? आणि दुसरा असा, की लगदा करणाऱ्या यंत्रांना लागणारी वाफ व वीज कमी कशी करावयाची? दोन्ही प्रश्न मुळात एकच आहेत. जेथे ऊर्जा वाया जाते, तेथे चिपाडच वाया जाते. प्रस्तुत पाठात या प्रश्नाची उकल साध्या हिशेबांच्या आधारे केली आहे.

१. चिपाडात काय असते?

एक टन ऊस गाळला असता साधारणपणे २८० ते ३०० किलो ओले बगॅस मिळते. त्यातील निम्मे वजन पाण्याचे असते. उरलेल्या निम्म्यात थोडी साखर व इतर विद्राव्य द्रव्ये सोडली, तर बाकीचा भाग तंतुमय असतो. हा तंतुमय भागही एकजिनसी नसतो. उसाच्या सालीकडील लांब व चिवट तंतू कागदाच्या कामाचे असतात. आतील स्पंजासारखा मऊ भाग, ज्यास भेंड म्हणतात, तो कागदाच्या दृष्टीने निरुपयोगी असतो. तंतुमय भागात भेंडाचे प्रमाण सुमारे ३० टक्के असते.

भेंड लगद्यात राहू दिल्यास तीन तोटे होतात. ते कॉस्टिक सोडा शोषून घेते, त्यामुळे रसायनाचा खर्च वाढतो. ते पाणी धरून ठेवते, त्यामुळे लगद्यातून पाणी लवकर निथळत नाही आणि कागद सुकविण्यास अधिक वाफ लागते. आणि ते कागदास बळकटी तर मुळीच देत नाही. यास्तव लगदा शिजविण्यापूर्वी भेंड वेगळे काढणे ही ऊर्जेच्या काटकसरीची पहिली पायरी होय. वेगळे काढलेले भेंड टाकून देण्याचे कारण नाही. ते बॉयलरमध्ये चांगले जळते. अशा रीतीने लांब तंतू लगद्याकडे व भेंड भट्टीकडे, अशी चिपाडाची वाटणी करता येते.

आता लगद्याचा उतारा पाहू. १०० किलो ओल्या बगॅसमध्ये ५० किलो कोरडे द्रव्य असते. विद्राव्य द्रव्ये व भेंड वजा जाता सुमारे ३३ किलो कामाचा तंतू उरतो. तो सोड्यात शिजविला असता वजनाने निम्मा, म्हणजे १६ ते १७ किलो कोरडा लगदा हाती येतो. याचा अर्थ असा, की एक टन लगद्यासाठी सुमारे ६ टन ओले बगॅस लागते. हा आकडा प्रत्येक ग्रामसेवकाने ध्यानात ठेवावा. कागदाचा उद्योग काढण्याच्या अनेक योजना केवळ हा आकडा न पाहिल्यामुळे कागदावरच राहतात.

२. आधी जळणाची बचत, मग लगदा

बगॅस हे कारखान्याचे जळण आहे. ते लगद्यासाठी बाहेर काढले, तर त्याच्या जागी दुसरे जळण आणावे लागते. निम्मे पाणी असलेल्या बगॅसच्या एका किलोपासून स्थूलमानाने २,२७० किलोकॅलरी उष्णता मिळते. मध्यम प्रतीच्या कोळशाच्या एका किलोपासून ४,००० किलोकॅलरी मिळते असे धरले, आणि कोळशावर चालणारा बॉयलर बगॅसच्या बॉयलरपेक्षा काहीसा कार्यक्षम असतो हेही हिशेबात घेतले, तर १०० टन बगॅसच्या जागी सुमारे ५० टन कोळसा लागेल. तमिळनाडूतील करूर जिल्ह्यात असलेल्या बगॅसवर आधारित कागद कारखान्याने १९८० नंतरच्या दशकात हीच अदलाबदलीची पद्धत अवलंबिली. साखर कारखान्यांनी बगॅस द्यावे आणि त्याच्या बदल्यात कागद कारखान्याने कोळसा अथवा वाफ पुरवावी, असा तो व्यवहार होता.

परंतु कोळसा न आणताही बगॅस शिल्लक टाकता येते, व तो मार्ग सभासदांच्या अधिक हिताचा आहे. एक टन उसाचा हिशेब घ्यावा. २९० किलो बगॅसपासून, दर किलोस २.२ किलो या दराने, सुमारे ६४० किलो वाफ होते. जुन्या पद्धतीच्या कारखान्यात टनामागे ५०० ते ५५० किलो वाफ खर्च होते. ५२० किलो धरल्यास १२० किलो वाफेइतके, म्हणजे सुमारे ५५ किलो बगॅस शिल्लक राहते. रस तापविण्याची व आटविण्याची यंत्रसामग्री सुधारून हा खर्च ४०० किलोंवर आणला, तर शिल्लक सुमारे १०९ किलोंवर जाते. म्हणजे वाफेचा खर्च चौथ्या हिश्श्याहून कमी प्रमाणात घटला, तरी शिल्लक बगॅस दुप्पट झाले. गळिताच्या संपूर्ण हंगामात या फरकाचे मोल केवढे होईल, हे सांगावयास नको.

या शिल्लक बगॅसवर वीजनिर्मितीचाही हक्क असतो. बगॅस विजेसाठी जाळावे की लगद्यासाठी विकावे, याचा निर्णय त्या त्या वर्षाचे विजेचे दर, कागद गिरण्यांनी देऊ केलेला भाव आणि वाहतुकीचा खर्च यांवर अवलंबून असतो. वाहतूक हा मुद्दा लहान नव्हे. ओले बगॅस वाहून नेताना निम्मे भाडे पाण्यासाठी भरावे लागते, आणि सुटे बगॅस जागाही फार व्यापते. म्हणून दाबून गासड्या बांधल्याखेरीज ते दूरवर पाठविणे परवडत नाही.

३. गुऱ्हाळाचे चुलवाण

कारखान्याच्या बाबतीत जे खरे, ते गुऱ्हाळाच्या बाबतीतही खरे आहे. साध्या चुलवाणात निर्माण होणाऱ्या उष्णतेपैकी निम्म्याहून अधिक उष्णता धुराबरोबर, भिंतींतून व तोंडावाटे निघून जाते. त्यामुळे घाण्यावर निघालेले जवळजवळ सर्व चिपाड आदण आटविण्यातच संपते, व प्रसंगी बाहेरून जळण आणावे लागते.

चिपाड वाळवून जाळणे हा यावरील सर्वांत स्वस्त उपाय आहे. १०० किलो ओल्या चिपाडात ५० किलो पाणी असते. ते उन्हात वाळवून पाण्याचा अंश ३० टक्क्यांवर आणला, तर सुमारे २९ किलो पाणी सूर्याच्या उष्णतेने निघून जाते. हे पाणी चुलवाणात उडवून लावण्यास १७ ते १८ हजार किलोकॅलरी खर्च झाल्या असत्या. म्हणजे चिपाडातील एकूण उष्णतेच्या ७ ते ८ टक्के उष्णता केवळ वाळवणीने वाचते. याखेरीज कोरडे चिपाड भडभडून व पूर्णपणे जळते, धूर कमी होतो, हा लाभ निराळाच.

दुसरा उपाय चुलवाणाच्या बांधणीचा. जाळीखालून हवा मिळण्याची सोय, भिंतींतील भेगा लिंपणे, तोंडास झाकण, धुराड्याची योग्य उंची, आणि बाहेर जाणाऱ्या गरम धुरावर दुसरी काहील ठेवून पुढच्या आदणाचा रस आधीच तापविणे, या गोष्टींनी चिपाडाची बचत होते. असे वाचलेले चिपाड जनावरांखाली अंथरण्यास, कंपोस्टसाठी किंवा विक्रीसाठी उपयोगी पडते. मात्र गुऱ्हाळावरील वाळलेले, मातीने माखलेले चिपाड कागद गिरणीस चालत नाही, हे येथेच स्पष्ट केले पाहिजे. माती व वाळू यांमुळे लगद्याच्या यंत्रांची पाती झिजतात. विक्री करावयाची असल्यास चिपाड स्वच्छ, फरशीवर पसरलेले व पाचट न मिसळलेले असावे.

४. लगदा शिजविण्यातील वाफ

कागद गिरणीत भेंड काढलेले बगॅस कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात, वाफेच्या दाबाखाली, सुमारे १६० ते १७० अंश सेंटिग्रेड उष्णतामानावर शिजविले जाते. या पात्रास डायजेस्टर म्हणतात. शिजविल्याने तंतूंना एकमेकांशी जखडून ठेवणारे लिग्निन विरघळते आणि तंतू सुटे होतात. बगॅसचे तंतू लाकडाच्या मानाने लवकर शिजतात. सतत चालणाऱ्या आडव्या नळीच्या डायजेस्टरमध्ये यास १० ते १५ मिनिटे पुरतात.

येथे ऊर्जेचा सर्वांत मोठा चोर म्हणजे जादा पाणी. समजा, एका गिरणीत दर किलो कोरड्या तंतूस ६ लिटर द्रावण वापरतात व दुसरीत ४ लिटर. १,००० किलो तंतूमागे पहिल्या गिरणीस २,००० किलो पाणी अधिक तापवावे लागते. ३० अंशांवरून १६० अंशांपर्यंत, म्हणजे १३० अंश तापविण्यास २,६०,००० किलोकॅलरी उष्णता लागते. एक किलो वाफ सुमारे ४९० किलोकॅलरी देते, असे धरल्यास हा खर्च सुमारे ५३० किलो वाफेचा, म्हणजेच सुमारे २४० किलो बगॅसचा झाला. एक टन लगद्यास दोन टन तंतू लागत असल्यामुळे लगद्याच्या टनामागे ४८० किलो बगॅस निव्वळ जादा पाण्यापायी जळून जाते. ज्या लगद्यासाठी ६ टन बगॅस आणले, त्याचा हा सुमारे बारावा हिस्सा होय.

वाफेच्या बचतीचे आणखी तीन मार्ग असे :

(अ) डायजेस्टर रिकामा करताना जी वाफ सुटते, ती हवेत न सोडता पुढील घाण्याचे पाणी तापविण्यास वापरावी.

(आ) वाफेच्या नळांवर उष्णतारोधक आवरण असावे आणि गळती त्याच दिवशी बंद करावी. ७ किलो दाबाच्या नळाला ३ मिलिमीटर व्यासाचे छिद्र पडले, तर तासाला सुमारे २५ किलो वाफ निसटते. दिवसाचे २० तास काम धरल्यास ५०० किलो वाफ, म्हणजे सव्वादोनशे किलोंहून अधिक बगॅस एका छिद्रावाटे नाहीसे होते.

(इ) वाफेचे थंड होऊन झालेले शुद्ध गरम पाणी बॉयलरकडे परत न्यावे. त्यात उष्णता असते, आणि ते पुन्हा शुद्ध करण्याचा खर्चही वाचतो.

५. लगदा घोळविण्याची व कुटण्याची यंत्रे

शिजलेला लगदा, किंवा रद्दी कागद, पाण्यात घोळवून तंतू सुटे करणारे यंत्र म्हणजे पल्पर. मोठ्या हौदाच्या तळाशी पात्यांचे चक्र, म्हणजे रोटर, फिरत असतो व त्याखाली चाळणी असते. या यंत्राची बहुतेक वीज कागद फोडण्यात खर्च होते, असा समज आहे. वस्तुतः पुष्कळ वीज पाणी घुसळण्यातच जाते.

१०० किलो कोरडा कागद ५ टक्के घट्टपणाने घोळवावयाचा असेल, तर एकूण मिश्रण २,००० किलो होते. तोच १५ टक्के घट्टपणाने घोळविला, तर मिश्रण अवघे ६६७ किलो होते. घट्ट मिश्रणात तंतूंचे परस्परांशी घर्षण होऊन गाठी सुटतात आणि पाण्याला फिरविण्याचे श्रम वाचतात. मात्र यासाठी रोटर मळसूत्री आकाराचा, उंच असावा लागतो. सपाट रोटरच्या जुन्या यंत्रात एकदम घट्ट मिश्रण भरल्यास ते फिरेनासे होते व मोटर जळण्याची भीती असते. म्हणून जुन्या यंत्रात घट्टपणा हळूहळू, मोटरच्या अँपियरकडे लक्ष ठेवून वाढवावा.

पल्परमध्ये रोटरच्या पात्यांच्या धारा आणि चाळणीपासूनचे अंतर यांना फार महत्त्व आहे. धारा गोल झाल्या, किंवा झिजेने अंतर वाढले, की तेच काम होण्यास अधिक वेळ लागतो. नवा रोटर घेण्याचा खर्च दिसतो, पण झिजलेल्या रोटरमुळे रोज वाढणारे विजेचे बिल कोणाच्या डोळ्यांस खुपत नाही.

सुट्या झालेल्या तंतूंना कुटून त्यांचे पापुद्रे उलगडणे हे बीटर किंवा रिफायनर यांचे काम. हॉलंड देशात सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात निघालेला बीटर आजही हातकागद केंद्रांतून दिसतो. लांबट गोल हौदात पात्यांचा रूळ फिरतो व खालच्या पात्यांच्या पाटावर तंतू चेपले जातात. त्यापूर्वी आपल्याकडे जुन्नर, दौलताबाद या कागदाच्या जुन्या केंद्रांतून लगदा कुटण्याचे काम माणसाच्या बळावर होत असे. मोठ्या गिरण्यांतून आता बीटरच्या जागी दुहेरी तबकड्यांचे रिफायनर आले आहेत. तेवढ्याच कुटाईस त्यांना बीटरपेक्षा वीज पुष्कळ कमी लागते. परंतु रिफायनर नुसता रिकामा फिरला तरी बरीच वीज खातो. म्हणून कमी मालावर दोन रिफायनर चालविण्यापेक्षा एकच पूर्ण भाराने चालवावा.

६. गती, पट्टा आणि मोटर

पंप व घुसळणी यांच्या बाबतीत एक नियम सर्वांनी पाठ करावा. वीज ही गतीच्या घनाच्या प्रमाणात लागते. गती दहा टक्क्यांनी उतरवून ०.९ केली, तर लागणारी शक्ती ०.९ × ०.९ × ०.९, म्हणजे ०.७२९ इतकी होते. गती एक दशांश घटली आणि वीज पाव हिश्श्याहून अधिक वाचली. व्हॉल्व्ह अर्धा मिटून पंप पूर्ण वेगाने चालविणे म्हणजे बैल जुंपून गाडीचे चाक बांधून ठेवण्यासारखे आहे. गती बदलणारे विजेचे साधन, किंवा ते न परवडल्यास पुलीचा व्यास बदलणे, हे उपाय योजावेत. विहिरीवरील पंपासही हाच नियम लागू आहे.

मोटर कामाच्या मानाने फार मोठी असू नये. अर्ध्याहून कमी भारावर चालणाऱ्या मोटरची कार्यक्षमता व पॉवर फॅक्टर दोन्ही खालावतात. पट्टा सैल असल्यास तो पुलीवर घसरतो, तापतो आणि वीज उष्णतेच्या रूपाने जाते. फार ताणलेला पट्टा बेअरिंग खातो. पट्ट्यांचा संच बदलताना सर्व पट्टे एकाच वेळी बदलावेत, कारण जुन्या-नव्यांचा मेळ बसत नाही.

७. लहान हातकागद केंद्र : एक हिशेब

गांधीजींच्या प्रेरणेने पुण्यात १९४० साली हातकागद संस्था स्थापन झाली. कापडाच्या चिंध्यांपासून उत्तम प्रतीचा कागद करता येतो, हे त्या संस्थेने दाखवून दिले. अशा प्रकारचे लहान केंद्र चालविणाऱ्या मंडळास ऊर्जेचा हिशेब कसा उपयोगी पडतो, ते पाहू.

समजा, बीटरवर १० अश्वशक्तीची मोटर आहे. पूर्ण भारावर ती तासाला सुमारे ८.५ युनिट वीज घेते. ४० किलो चिंध्या कुटण्यास ६ तास लागले, तर ५१ युनिट खर्च झाले, म्हणजे किलोमागे सुमारे १.२८ युनिट. चिंध्या आदल्या रात्री भिजत घातल्या, त्यांचे बारीक व सारखे तुकडे केले, बटणे व शिवणीचा जाड दोरा काढून टाकला आणि पात्यांना धार लावली, त्यायोगे काम ५ तासांत झाले, तर खर्च ४२.५ युनिटांवर येतो. वर्षाचे २५० दिवस काम धरल्यास २,१२५ युनिट वाचतात. यासाठी एक रुपयाचेही नवे यंत्र लागलेले नाही. आपल्या भागातील विजेच्या दराने या आकड्यास गुणावे, म्हणजे बचतीची रक्कम मिळेल.

बीटर अर्धवट भरून चालवू नये. रूळ एकदम खाली न टेकविता प्रारंभी वर ठेवून माल फिरू द्यावा व मग क्रमाने खाली आणावा. सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे काम पुरे होताच यंत्र थांबवावे. यासाठी पेल्याची परीक्षा करावी. काचेच्या पेल्यात स्वच्छ पाणी घेऊन त्यात चिमूटभर लगदा ढवळावा आणि पेला उजेडासमोर धरावा. गाठी व धाग्याचे तुकडे दिसल्यास कुटाई अपुरी आहे. तंतू ढगासारखे सारखे पसरलेले दिसल्यास लगदा तयार आहे. ठरलेल्या तासांवर भिस्त न ठेवता शेवटच्या तासात दर पंधरा मिनिटांनी ही परीक्षा करावी. फाजील कुटाईने वीज तर जातेच, शिवाय तंतू तुटून कागद ठिसूळ होतो व चाळणीवर पाणी निथळण्यास वेळ लागतो.

८. कृष्णेच्या पाण्याचा प्रश्न

चिपाडापासून गावातच लगदा करावा, असा विचार एखाद्या उत्साही मंडळाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. याबाबत ग्रामसेवकाने स्पष्ट सल्ला द्यावा. चिपाड सोड्यात शिजविल्यावर लिग्निन व सोडा यांनी भरलेले काळे पाणी उरते. मोठ्या गिरण्या ते आटवून खास भट्टीत जाळतात. त्यातून उष्णता मिळते आणि सोडाही परत मिळतो. ही यंत्रसामग्री लहान केंद्रास परवडणारी नाही. ती नसेल, तर काळे पाणी ओढ्यात व ओढ्यातून कृष्णेत जाणार. त्यामुळे पाण्यातील प्राणवायू कमी होतो, मासे मरतात, आणि ते पाणी सातत्याने शेतास दिल्यास त्यातील सोड्यामुळे जमीन चोपण होण्याचा संभव असतो. ज्या घाटांवर वाईकर स्नान करतात व ज्या नदीवर खालची शेकडो गावे तहान भागवितात, तिच्यात असे पाणी सोडणे कायद्याच्या व नीतीच्या दोन्ही दृष्टींनी गैर आहे.

यास्तव लहान केंद्राने कापसाच्या चिंध्या, होजिअरीचे कातरण व छपाई न झालेले कागदाचे कातरण यांवरच काम करावे. हा माल सोड्यात शिजविण्याची सहसा गरज पडत नाही. चिपाडाचा लगदा सोड्याची परतफेड करणाऱ्या गिरण्यांनी करावा आणि ऊस-बागायतदारांनी आपल्या कारखान्यामार्फत त्यांना स्वच्छ बगॅस पुरवावे. लहान केंद्रातही चाळणीखाली निथळलेले पाणी फेकून न देता पुढच्या घाण्यास वापरावे. त्यात सुटे तंतू असतात, आणि नवे पाणी उपसण्याची वीजही वाचते.

९. सभासदाने काय विचारावे?

ऊर्जेच्या काटकसरीचा प्रश्न आता राष्ट्रीय महत्त्वाचा मानला जातो. ऊर्जा संवर्धनाचा कायदा २००१ साली झाला, आणि २०१२ साली सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या योजनेत मोठ्या कागद गिरण्यांना ऊर्जेचा खर्च घटविण्याची उद्दिष्टे नेमून देण्यात आली. सातारा जिल्ह्यापुरते बोलावयाचे, तर १९६२ साली कोयनेची वीज सुरू झाली, तेव्हा वीज ही विपुल वस्तू वाटली असेल. आज तीच वीज पंप, गिरणी व घर यांच्यात वाटून घ्यावी लागते.

सहकारी कारखान्याचा सभासद हा बगॅसचा मालक असतो. वार्षिक सभेत उसाचा भाव विचारताना त्याने आणखी चार प्रश्न विचारावेत. एक टन ऊस गाळण्यास किती किलो वाफ लागली? हंगामाअखेर किती बगॅस शिल्लक राहिले? ते कोणास, कोणत्या भावाने दिले? शिल्लक बगॅस पाऊस व आग यांपासून सुरक्षित ठेवण्याची व्यवस्था कोणती? बगॅसमध्ये उरलेली साखर आंबून ढिगात उष्णता निर्माण होते, व ढीग आतून तापून पेट घेऊ शकतो. म्हणून शेवटच्या प्रश्नाकडे दुर्लक्ष करू नये.

१०. नोंदवहीचा नमुना

हातकागद केंद्र असो वा गुऱ्हाळ, नोंदीवाचून बचत कळत नाही. ग्रामसेवकाने पुढील रकाने आखून द्यावेत :

(१) तारीख व घाणा क्रमांक.
(२) भरलेला माल, किलो.
(३) यंत्र सुरू व बंद केल्याची वेळ.
(४) मीटरचा आरंभीचा व अखेरचा आकडा, किंवा गुऱ्हाळावर जाळलेल्या चिपाडाचे वजन.
(५) तयार झालेला माल, किलो.
(६) किलोमागे युनिट, अथवा गुळाच्या किलोमागे चिपाड.
(७) शेरा : धार लावली, पट्टा बदलला, गळती आढळली इत्यादी.

पहिल्या महिन्यात काहीही बदल न करता केवळ नोंद करावी. दुसऱ्या महिन्यापासून एका वेळी एकच सुधारणा करावी आणि सहाव्या रकान्यातील आकडा पाहावा. एकदम चार सुधारणा केल्यास कोणत्या सुधारणेने काय साधले, हे समजत नाही. आकडा घटला, तर ती सुधारणा कायम करावी. न घटल्यास कारण शोधावे.

चर्चामंडळात पुढील प्रश्न विचारून या पाठाची उजळणी करून घ्यावी. एक टन लगद्यास किती ओले बगॅस लागते व का? भेंड वेगळे काढल्याने कोणते तीन तोटे टळतात? पंपाची गती पाव हिश्श्याने उतरविल्यास किती शक्ती लागेल? गावातील केंद्राने चिपाड सोड्यात का शिजवू नये? ज्या शेतकऱ्यास या प्रश्नांची उत्तरे देता येतील, तो आपल्या चिपाडाची किंमत जाणतो असे समजावे. ऊस पिकविताना बारा-चौदा महिने पाणी, खत व कष्ट घालावयाचे आणि त्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा वजन हिशेबावाचून भट्टीत लोटावयाचे, हे जाणत्या बागायतदारास शोभणारे नाही.